आयसीयूबाहेरचा सहीचा कागद



आज स्वयंपाकघरातलं काही नाही आणि व्रताचंही नाही. तीन वर्षं मनात घोळत असलेला एक विषय आहे. लिहू की नको असं करत राहिले, पण गेल्या महिन्यात माझ्या मामेबहिणीच्या घरी जे घडलं त्यानंतर लिहायलाच हवं असं वाटलं.

तीन वर्षांपूर्वी दशलक्षणात, उत्तम आर्जवाच्या दिवशी, माझ्या धाकट्या दिरांचा मोटारसायकलवरून अपघात झाला. हेल्मेट घरी खुंटीला होतं. भावजींच्या डोक्याला मार लागला होता. रात्री आठ वाजता आम्ही रुग्णालयात पोचलो तोवर ते बेशुद्ध होते आणि तोंडात नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. सासूबाईंचं एकाशन होतं. त्या बाकावर णमोकार म्हणत बसल्या. माझी जाऊ भिंतीला टेकून उभी होती, तिला बस म्हटलं तरी बसेना.

साडेदहाच्या सुमाराला एक तरुण डॉक्टर मुलगी हातात कागद घेऊन आली. ती म्हणाली, मेंदूची सूज कमी करायला दोन प्रकारची द्रावणं वापरतात. एक मॅनिटॉल आणि दुसरं नेहमीच्या सलाईनपेक्षा कितीतरी खारट असं सलाईन. दोन्ही जगभर वापरात आहेत, पण कोणतं जास्त चांगलं ते अजून पक्कं ठरलेलं नाही. ते शोधण्यासाठी इथे अभ्यास चालू आहे. तुमची हरकत नसेल तर यांनाही त्यात घेतो, आणि कोणतं द्रावण द्यायचं ते चिठ्ठी काढल्यासारखं संगणक ठरवेल.

सासूबाईंनी 'चिठ्ठी' एवढाच शब्द ऐकला. "माझा पोरगा काय प्रयोगाचा उंदीर आहे?" असं म्हणून त्या रडायलाच लागल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण घरात बी.एस्सी. झालेली मी एकटीच. कागद इंग्रजीत होता, चांगला दहा-बारा पानांचा. मी पहिलं पानसुद्धा पुरतं वाचलं नाही. "नको," म्हटलं. ती मुलगी म्हणाली, "ठीक आहे ताई, उपचारात काही फरक पडणार नाही." आणि खरंच पडला नाही.

सकाळी मी दुसऱ्या डॉक्टरांना सहज विचारलं, रात्री त्या दोन्हींतलं कोणतं दिलं? ते म्हणाले, मॅनिटॉल. मी म्हटलं, तेच का? ते म्हणाले, "आमच्याकडे सहसा तेच देतात."

हे उत्तर माझ्या मनात रुतून बसलं. आम्ही प्रयोग नको म्हणून नाही म्हटलं होतं, पण मिळालं काय? त्या दोनांपैकीच एक. फरक एवढाच, की चिठ्ठीच्या जागी सवयीनं ठरवलं आणि त्यातून पुढच्या कुणाला काही कळणार नव्हतं.

भावजी वाचले. आज चालतात, बोलतात, पण शब्द सापडायला वेळ लागतो, डाव्या हातात जोर नाही आणि दुकानाचा हिशेब आता जाऊ बघते. सही केली असती तर ते याहून बरे झाले असते, असं मी मुळीच म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण मी न वाचता नाही म्हटलं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. म्हणून नंतर मी या विषयावर वाचत गेले, आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारत गेले. त्यातलं जे पक्कं कळलं ते सांगते.

डोक्याला मार लागला की मेंदूला सूज येते. स्टेरॉइड सूज उतरवतं. मग डोक्याच्या मारात स्टेरॉइड द्यावं, हे कुणालाही पटेल. तीस वर्षांहून जास्त काळ जगात ठिकठिकाणी ते दिलं जात होतं. देणारे डॉक्टर चांगलेच होते, रुग्ण वाचावा म्हणूनच देत होते. छोटे छोटे अभ्यास झाले, पण त्यांतून धड काही ठरत नव्हतं. शेवटी 'क्रॅश' नावाचा एक मोठा अभ्यास झाला. ४९ देशांतली २३९ रुग्णालयं आणि १०,००८ रुग्ण. साधारण निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना त्याच्यासारखंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. खरं तर वीस हजार रुग्ण घ्यायचे ठरले होते. पण २००४ साली मध्येच अभ्यास थांबवावा लागला, कारण पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी १,०५२ जण दगावले होते आणि न मिळालेल्यांपैकी ८९३. म्हणजे शंभरात सुमारे २१ आणि शंभरात सुमारे १८.

बायांनो, शंभरात तीनचा फरक एका डॉक्टरच्या डोळ्यांना दिसत नाही. डोक्याला जबर मार लागलेले रुग्ण तसेही दगावतात. एखादा गेला तर मार जास्त होता असं वाटतं, वाचला तर औषधानं वाचवलं असं वाटतं. दहा हजार माणसं शेजारी शेजारी ठेवून मोजली तेव्हाच हा फरक दिसला.

आपण पाणी का गाळतो? ग्लासातलं पाणी डोळ्यांना स्वच्छच दिसतं. माझी आजी जाड कापड दुहेरी करून गाळायची आणि गाळून उरलेलं पाणी परत विहिरीत सोडायची. आम्ही म्हणायचो, आजी, पाणी तर नितळ आहे. ती म्हणायची, तुला दिसत नाही म्हणून नाही असं थोडंच आहे? डोळ्यांवर विसंबायचं नाही हे आपल्या घरात लहानपणापासून शिकवलेलं असतं. मग औषधाच्या बाबतीत आपण 'डॉक्टरांचा अनुभव आहे ना' एवढ्यावर का थांबतो? चांगल्या मनानं केलेल्या गोष्टीतूनही जीव जाऊ शकतो, ही शंका आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळायला हवी?

दुसरं उदाहरण साखरेचं, जे प्रत्येक घरात आहे. आयसीयूत भावजींची साखर १६० आली की मी घाबरत असे. घरी मामंजींची एवढी आली तर आम्ही गूळसुद्धा बंद करतो, आणि इथे हे लोक स्वस्थ कसे? तर त्यामागेही अभ्यासच आहे. २००१ साली बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथे शस्त्रक्रियेनंतरच्या गंभीर रुग्णांची साखर इन्सुलिन देऊन ८० ते ११०मध्ये ठेवली, तर मृत्यू कमी झाले. मग जगभर अनेक आयसीयूंत साखर घट्ट धरायला सुरुवात झाली. पण २००९ साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडातल्या डॉक्टरांनी पुढे होऊन सहा हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उलटं निघालं. साखर घट्ट धरलेल्यांत नव्वद दिवसांत शंभरात २७.५ दगावले, १८०च्या खाली ठेवण्यावर समाधान मानलेल्यांत २४.९. घट्ट धरलेल्यांची साखर धोकादायकपणे खाली जाण्याचं प्रमाणही कितीतरी जास्त होतं. घरातला नियम आयसीयूत तसाच चालत नाही, हे त्या सहा हजार माणसांमुळे कळलं. पहिला अभ्यास खोटा नव्हता, पण एका ठिकाणचा होता. एका बाजूनं पाहून 'हेच खरं' म्हणू नये, हे तर आपल्याला अनेकांतानं शिकवलंय.

तिसरी गोष्ट मशिनांची. त्या नऊ दिवसांत आमच्या घरचे एकच म्हणत होते, खर्चाची काळजी करू नका, असतील ती सगळी मशिनं लावा. कवटीला छोटं छिद्र पाडून मेंदूवरचा दाब सतत मोजणारी एक तार बसवतात. ती नाही बसवली म्हणून यांनी डॉक्टरांशी वादही घातला. नंतर वाचलं की बोलिव्हिया आणि इक्वेडोर या देशांत ३२४ रुग्णांवर याचाच अभ्यास झाला होता. निम्म्यांना ती तार, आणि निम्म्यांकडे वारंवार तपासून, सीटी स्कॅन काढून लक्ष. २०१२ साली निष्कर्ष आला, दोन्ही गटांचं जवळजवळ सारखंच. याचा अर्थ तार निरुपयोगी आहे असा नाही. अनेक ठिकाणी ती वापरतात आणि डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात. पण तार नाही म्हणजे हयगय झाली, हेही खरं नाही. दोन्ही गटांत रुग्णाकडे ठरल्या पद्धतीनं, डोळ्यांत तेल घालून लक्ष दिलं होतं.

आता आपल्या बायकांच्या ओळखीची एक गोष्ट. पाळीत फार रक्त जायला लागलं की डॉक्टर ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडची गोळी देतात. आपल्यापैकी किती तरी जणींनी ती घेतली असेल. हे औषध १९६०च्या दशकात जपानमध्ये शोधलं, उताको ओकामोतो या बाईंनी आणि त्यांच्या पतीनं. लहान मुलीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करत. बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरतात ते थांबावं, ही त्यांची इच्छा होती. पण अपघातात हे औषध किती उपयोगी आहे ते कळायला २०१० उजाडलं. चाळीस देशांतल्या वीस हजारांहून जास्त जखमींच्या अभ्यासात कळलं की लवकर दिलं तर जीव वाचतात. त्यात आपल्या देशातल्या रुग्णालयांचा आणि रुग्णांचा मोठा वाटा होता. बाळंतिणींवरचा अभ्यास २०१७ साली आला, आणि डोक्याच्या मारावरचा २०१९ साली. त्यात दिसलं की मार फार गंभीर नसेल आणि पहिल्या तीन तासांत दिलं तर फायदा होतो. भावजींना गावातल्या दवाखान्यातच हे इंजेक्शन दिलं होतं. म्हणजे कुठल्या कुठल्या अनोळखी घरांतल्या कुणीतरी अशाच बाकावर बसून सही केली होती, म्हणून आमच्या डॉक्टरांना ते द्यायचं सुचलं. आम्ही ते घेतलं. आमच्याकडे मागितलं तेव्हा मात्र नाही म्हटलं.

आता दुसरी बाजू. कारण ती नसेल तर माझं लिहिणं अर्धवट राहील.

लोकांना भीती वाटते ती उगाच नाही. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लशीचा अभ्यास झाला, तेव्हा खम्ममकडे वसतिगृहातल्या मुलींसाठी त्यांच्या आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी सह्या केल्याचं उघड झालं. त्यावर संसदेच्या समितीनं कडक ताशेरे ओढले. असं घडलेलं असताना सासूबाईंना उंदीर आठवला तर त्यांचं काय चुकलं?

आणि त्या स्टेरॉइडच्या अभ्यासात ज्यांच्या माणसाला चिठ्ठीनं स्टेरॉइड आलं, त्यांचं काय? बाहेर सवयीनंही तेच देत होते, हे खरं. अभ्यासावर लक्ष ठेवणारी समिती होती म्हणून ते थांबलं, हेही खरं. पण माझ्या जावेच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहते तेव्हा हे उत्तर मला पुरत नाही. त्यांचं ऋण आपल्यावर आहे, एवढंच म्हणता येतं.

म्हणून डोळे मिटून सही करा असं मी सांगत नाही. विचारा, आणि उत्तरं पटली तर हो म्हणा. विचारण्याचा हक्क आपल्याला कायद्यानं आहे. २०१९च्या नियमांप्रमाणे औषधाच्या चाचणीला नैतिकता समितीची परवानगी लागते. या समितीत किमान सात सभासद असतात आणि त्यांत एक तरी सामान्य माणूस आणि एक तरी बाई असावीच लागते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची अशा अभ्यासांची नोंदवही २००७ पासून आहे. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते.

मी या गोष्टी डायरीत लिहून ठेवल्या आहेत, तुम्हीही लिहून ठेवा. अभ्यासात नसतो तर यांना काय दिलं असतं? अभ्यासात असलो तर काय वेगळं होईल? धोका काय, आणि काही झालं तर जबाबदार कोण? समितीची परवानगी आणि नोंदणी क्रमांक कुठे आहे? उद्या नको वाटलं तर बाहेर पडता येईल ना, आणि उपचार तसेच चालू राहतील ना? जास्तीचा खर्च आमच्या बिलात येणार का? आमचा माणूस शुद्धीवर आला की त्याला सांगून त्याची संमती घेणार ना? आणि कागद मराठीत द्या, त्याची एक प्रत आमच्याकडे राहू द्या.

आपल्या घरांसाठी आणखी एक प्रश्न असतो, औषध कशापासून केलंय? तोही संकोच न करता विचारावा. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून देतात ते हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. रुग्णाला झोपवून ठेवायला देतात त्या दुधासारख्या पांढऱ्या प्रोपोफॉलमध्ये अंड्यातलं लेसिथिन असतं. ही औषधं अभ्यासाबाहेरही रोज दिली जातात. काही वेळा दुसरा पर्याय असतो, काही वेळा नसतो. जीव वाचवायला दिलेलं औषध आणि हौसेनं केलेली हिंसा मी एका मापानं मोजत नाही, पण ज्याला त्याला आपापल्या श्रद्धेनं ठरवू द्यावं. फक्त माहीत नसताना ठरवू नये.

डॉक्टरांनाही एक सांगणं आहे. रात्री साडेदहाला, उभ्या उभ्या, इंग्रजी कागद पुढे करून संमती मिळत नसते. ती मुलगी चांगली होती, पण ती पाच मिनिटं आमच्याजवळ बसली असती, 'चिठ्ठी' म्हणण्याआधी 'दोन्ही औषधं नेहमीचीच आहेत' हे सासूबाईंना दोनदा सांगितलं असतं, तर कदाचित आम्ही वाचलं तरी असतं.

आता मामेबहिणीचं सांगते. तिच्या सासऱ्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. रात्री तिचा फोन, "अक्का, रक्तदाब किती खाली आणायचा याचा अभ्यास आहे म्हणतात, सही करू का?" मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. डायरीतले प्रश्न तिला एकेक वाचून दाखवले. तिनं डॉक्टरांना खुर्चीवर बसवलं, सगळे प्रश्न विचारले, नवऱ्याशी आणि सासूबाईंशी बोलली आणि मग सही केली. सहाव्या दिवशी सासरे गेले.

तेराव्याच्या आतच कुजबूज सुरू झाली. "सही हिनं केली." रक्तस्राव मोठा होता, वय ७८ होतं, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी आशा कमी आहे म्हणून सांगितलं होतं, हे सगळे विसरले. ती माझ्याजवळ येऊन रडली तेव्हा मला कळलं, आपण नाही का म्हणतो. औषधाच्या भीतीपेक्षा या बोटाची भीती जास्त असते. कागद शेवटी घरातल्या सुनेच्या नाहीतर मुलीच्या हातात येतो, आणि पुढचं आयुष्यभराचं ओझंही तिच्याच.

मी त्या घरी गेले, मोठ्यांसमोर बसले आणि जे वर लिहिलं तेच सांगितलं. सगळ्यांना पटलं असं नाही. पण तिच्या सासूबाई म्हणाल्या, "मला विचारूनच केली तिनं. माझीही सहीच समजा." त्यानंतर निदान त्या खोलीत तरी कुणी काही बोललं नाही.

मैत्रिणींनो, कुणाच्या घरी असं घडलं तर सही करणारीला बोल लावू नका, आणि न करणारीलाही नको. आणखी एक करा. घरात सगळे जेवायला एकत्र असतील तेव्हा हा विषय काढा. अशुभ वाटेल, तरी काढा. मी काढला. मी यांना आणि मुलांना सांगून ठेवलं आहे, उद्या मी तिथे आत निपचित पडले असेन आणि कुणी असा कागद घेऊन आलं, तर डायरीतले प्रश्न विचारा, उत्तरं नीट मिळाली तर सही करा, आणि माझं काहीही झालं तरी सही करणाऱ्याला कुणी दोष द्यायचा नाही.

सासूबाई ऐकत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझंही लिहून ठेव."

लिहून ठेवलं आहे.

जय जिनेंद्र.